आकाशातील ‘हॅलो’ आणि शेजाऱ्याचा हक्क

विमानात बसलेल्या प्रवाशाला फोनवर बोलू द्यावे की नाही, या प्रश्नावर गेली तीस-पस्तीस वर्षे जगभर खल चालू आहे. त्यात वैमानिकांची बाजू मांडून झाली, दूरसंचार कंपन्यांची झाली, विमानातील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तर आपली बाजू चांगलीच ठणकावून मांडली. परंतु ज्याच्या कानापासून वीतभर अंतरावर हे बोलणे घडणार, त्या शेजारच्या आसनावरील मनुष्याला या वादात कोणी वकील दिलेला नाही. प्रस्तुत विवेचन या उपेक्षित मनुष्याविषयी आहे, आणि त्यासाठी गोंदिया जिल्हा हे अभ्यासक्षेत्र निवडण्यास सबळ कारण आहे. येथील प्रवासी आगगाडीत मुरलेला असून विमानात नवखा आहे. त्यामुळे तोच मनुष्य, तोच फोन आणि तोच आवाज दोन वेगळ्या वाहनांत कसा वागतो, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके दोन्ही वाहनांना सारख्याच कंटाळलेल्या मुंबई-पुण्यात दिसत नाही.

गोंदियाला विमान नवे नाही. नवे आहे ते विमानात बसणे. शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, कामठ्याजवळच्या बिरसी येथील धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, आणि युद्ध संपल्यावर या धावपट्टीचे काय करावे याचा विचार पुढील सरकारांनी सुमारे साठ वर्षे केला. घाईने निर्णय घेतल्याचा आरोप या बाबतीत कोणावरही करता येणार नाही. पुढे धावपट्टी भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, २००४ ते २०११ या काळात केंद्रातील नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाच्याच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे राहिले, आणि बिरसीला वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हापासून धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालू लागली, आणि विमानाचा आवाज घरबसल्या ओळखणारा, पण विमानाची पायरी न चढलेला असा एक मोठा जाणकार वर्ग परिसरात तयार झाला. पायरी चढण्याची संधी मिळाली ती मार्च २०२२मध्ये, ‘उडान’ म्हणजे लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी आधार देणाऱ्या योजनेखाली, इंदूर-गोंदिया-हैदराबाद या मार्गावर. ती सेवा काही महिन्यांत थांबली आणि १ डिसेंबर २०२३पासून इंडिगोचे हैदराबादचे विमान सुरू झाले. म्हणजे जिल्ह्याच्या नशिबी धावपट्टी आधी, वैमानिक नंतर आणि प्रवासी सर्वांत शेवटी, असा क्रम आला.

मात्र विमानप्रवासाचे एक साधन या क्रमाला न जुमानता आधीच घरोघर पोहोचले होते. फोनचा बाहेरच्या जगाशी चाललेला लहरींचा व्यवहार एका कळीने थांबवणारी ‘फ्लाइट मोड’ ही सोय जन्मली विमानासाठी. पण विमानात कधीही न बसलेला मनुष्य ती अत्यंत कुशलतेने वापरतो. रेंज रुसली की फ्लाइट मोड लावून काढणे हा पहिला उपयोग, आणि महिन्याच्या अखेरीस हप्ता मागणाऱ्याचा, उसने मागणाऱ्याचा किंवा दिलेले उसने परत मागणाऱ्याचा फोन चुकवणे हा दुसरा. अशा जाणकाराला विमानात ‘फोन फ्लाइट मोडवर ठेवा’ अशी सूचना ऐकू येते, तेव्हा तिच्यात त्याला जाच वाटत नाही. जे काम आजवर तो चोरून करत होता, तेच आता सरकारी आज्ञेने आणि सन्मानाने करायचे आहे, एवढाच फरक त्याला जाणवतो.

कायद्याचे स्वरूप समजते त्याहून वेगळे आहे. विमानात फोनवर बोलण्यास भारतात कायमची बंदी आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०१८मध्ये विमानात बोलणे आणि इंटरनेट या दोन्हींना परवानगी देण्याची शिफारस केली, दूरसंचार आयोगाने ती १ मे २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या गोंदिया जिल्ह्याच्या एकोणिसाव्या वर्धापनदिनी, मान्य केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विमाने व जहाजे यांच्यासाठीचे स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. या नियमांनी भारताच्या हद्दीत किमान ३००० मीटर उंची गाठल्यावर अशी सेवा देण्याची मुभा दिली. पुढे २०२०मध्ये विमान नियमांत दुरुस्ती होऊन, फोन फ्लाइट मोडवर ठेवून वायफायमार्फत इंटरनेट वापरू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार विमानाच्या मुख्य वैमानिकाकडे आला. एअर इंडियाने जानेवारी २०२५मध्ये देशांतर्गत मार्गांवरील काही विमानांत इंटरनेट सुरू केलेही. तात्पर्य, दार कायद्याने किलकिले केलेले आहे. आत शिरण्याची घाई कोणाला नाही, इतकेच.

३००० मीटर या आकड्यामागील कारण गोंदियाच्या माणसाला प्रथमदर्शनी पटत नाही, कारण त्याचा आजन्म अनुभव उलट आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या खेड्यात फोन लागत नसेल, तर मनुष्य टेकाडावर जातो, पाण्याच्या टाकीवर चढतो, निदान घराच्या स्लॅबवर तरी उभा राहतो, आणि उंची वाढली की रेंज वाढते हे शास्त्र त्याला शाळेत न जाताही ठाऊक असते. मग सहा हजार मीटरवरून तर थेट दिल्ली लागावी! अडचण अशी की तेथून खरोखरच फार काही लागते. मोबाइलची यंत्रणा प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा एका टॉवरकडे सोपवून आणि थोड्या अंतरावर त्याच लहरी पुन्हा वापरून चालते. जमिनीवरचा फोन जवळच्या दोन-चार टॉवरांपुरता मर्यादित असतो, परंतु आकाशातील फोनला एकाच वेळी असंख्य टॉवर दिसतात आणि तो ताशी पाचशे किलोमीटर वेगाने एकाचे बोट सोडून दुसऱ्याचे धरू पाहतो. देवरी-सालेकसा भागात छत्तीसगडचा टॉवर फोन पकडून रोमिंगचे पैसे लावत असे, त्या काळची चिडचिड ज्यांना आठवते, त्यांना या गोंधळाची कल्पना सहज यावी. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१मध्ये विमानातील मोबाइलवर बंदी घातली ती मुख्यतः जमिनीवरील जाळ्याचा असा घोटाळा होऊ नये म्हणून. विमान पडेल ही भीती प्रवाशांनी आपल्या बाजूने घातलेली भर होय. आता या अडचणीवर तोड निघाली आहे. विमानातच ‘पिकोसेल’ नावाचा अगदी अल्प शक्तीचा छोटा टॉवर बसवतात, फोन त्याच्याशी हळू आवाजात बोलतो, आणि पुढचा संदेश उपग्रहाच्या वाटेने जातो. यात हळू आवाजात बोलतो तो केवळ फोन, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

हा नियम गोंदियाच्या विमानाला लावून पाहिल्यास त्याची खरी गंमत कळते. तूर्त या मार्गावरील पंख्यांच्या एटीआर विमानात अशी सोय नाही. पण उद्या ती आली असे धरून चालावे. हैदराबादहून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटरचा हा प्रवास सव्वा-दीड तासांचा असून त्यातील चढण्या-उतरण्याचा वेळ वजा केला, तर बोलायला तासभर मिळेल. आता येथील प्रवाशाच्या दृष्टीने प्रवासात सांगण्यासारख्या गोष्टी दोनच: पहिली ‘निघालो’, दुसरी ‘पोचून राहिलो, गाडी घेऊन बिरसीला या’. पहिली सांगायची वेळ विमान ३००० मीटर चढण्याआधीची, दुसरी ते ३००० मीटरच्या खाली उतरल्यानंतरची. म्हणजे सांगण्यासारखे काही असेल तेव्हा बोलायचे नाही, आणि सांगण्यासारखे काही उरले नाही की तासभर मोकळेपणाने बोलायचे, अशी ही व्यवस्था आहे. नियम करणाऱ्यांनी लहरींचा अभ्यास केला होता, सोयऱ्यांचा केला नव्हता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

येथे कोणी म्हणेल, की सांगण्यासारखे नसेल तर लोक बोलणार नाहीत. हा आक्षेप गोंदिया-नागपूर गाडीने एकदाही न गेलेल्या मनुष्याचा समजावा. या मार्गावर होणाऱ्या फोनची ढोबळ वर्गवारी केल्यास चार प्रकार आढळतात. पहिला ठावठिकाण्याचा फोन: वरठी, तुमसर रोड, मुंडीकोटा, तिरोडा, गंगाझरी असे एकेक स्थानक घरी कळवले जाते, आणि घरची मंडळी त्या हिशेबाने भात टाकतात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते तेव्हा या प्रकाराला ऊत येतो. दुसरा कारभाराचा फोन, ज्यात राईस मिल, भरडाई, बारदाना आणि बोनस हे विषय प्रमुख असतात. तिसरा सोयरिकीचा फोन, जो नेहमी ‘तसं नाही जी’ या शब्दांनी सुरू होतो. चौथा आणि संख्येने सर्वांत मोठा प्रकार निर्विषय फोनाचा, ज्यात ‘आवाज येऊन राहिला का?’ आणि ‘हाव, येऊन राहिला’ एवढीच देवाणघेवाण होते, आवाज येत असल्याची खात्री पटल्यावर बोलण्यासारखे काही नाही हेही दोघांना पटते, आणि संवाद समाधानाने संपतो. विमानात पहिला प्रकार बाद होतो, कारण खिडकीखाली स्थानक नसून ढग असतो, आणि ‘ढग आला’ या माहितीवर घरी कोणी भात टाकत नाही. उरलेले तीन प्रकार मात्र कोणत्याही उंचीवर तग धरू शकतात.

आवाजाच्या पट्टीचा प्रश्न याहून जुना आहे. फोनवर ओरडण्याची सवय अशिष्टपणातून आली असे मानण्याची प्रथा असली, तरी तिचे मूळ सौजन्यात आहे. ट्रंक कॉलच्या काळात, म्हणजे परगावचा फोन एक्स्चेंजमध्ये नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे तेव्हा, अंतर जितके मोठे तितका आवाज मोठा करणे हे पलीकडच्यावर उपकार करण्यासारखे होते. त्यातही ‘लाइटनिंग’ म्हणजे विजेच्या वेगाने जोडून मिळणारा कॉल साध्या कॉलच्या कैकपट दराने पडत असल्याने, प्रत्येक शब्द पहिल्याच खेपेस पोहोचवणे हे आर्थिक कर्तव्य ठरे. त्या पिढीने मोबाइल हाती घेतला तेव्हा पट्टी तीच ठेवली, आणि पुढच्या पिढीने ती घरातच ऐकून आत्मसात केली. याला निसर्गाचीही साथ आहे. भोवती गोंगाट असला की मनुष्याचा आवाज त्याच्या नकळत चढतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार याने १९११मध्ये दाखवून दिले, आणि त्या परिणामाला आजही त्याचेच नाव आहे. एटीआरचे दोन पंखे दोन्ही बाजूंनी घोंघावत असता, त्यांच्या मधोमध बसलेल्या गोंदियाच्या प्रवाशाने फोन उचलला, तर लोंबारचा सिद्धान्त आणि ट्रंक कॉलची परंपरा यांचा संगम होऊन पलीकडच्याला फोनाशिवायही ऐकू जाण्याची शक्यता निर्माण होते.

तथापि शेजाऱ्याचे खरे दुखणे मोठा आवाज नव्हे. लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लक्ष एकाग्र करावे लागेल असे काम माणसांना देऊन त्यांना कधी एकट्याचे भाषण, कधी दोघांचे पूर्ण संभाषण, तर कधी फोनवरील संभाषणाची एकच बाजू ऐकवण्यात आली. पूर्ण संभाषणाने किंवा भाषणाने लक्ष फारसे ढळले नाही. अर्ध्या संभाषणाने मात्र ते ढळले, कारण पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज मेंदूला बांधता येत नाही आणि अंदाज बांधल्यावाचून त्याला राहवत नाही. तेच अर्धे संभाषण शब्द कळणार नाहीत इतके अस्पष्ट करून ऐकवल्यावर त्रास नाहीसा झाला. म्हणजे माणसाला छळतो तो आवाज नसून अपुरी बातमी होय.

या निष्कर्षाचा गोंदियाला जो अर्थ लागतो तो गंभीर आहे. शब्द कळले नाहीत तर त्रास नाही, हा दिलासा युरोपात लागू पडत असेल. येथे मराठी, झाडीबोली, हिंदी, पोवारी, छत्तीसगडी आणि गोंडी यांपैकी तीन-चार बोली कळणारा मनुष्य दर दोन आसनांमागे एक सापडतो, त्यामुळे कोणत्याही भाषेत बोलले तरी शेजारी जखमी होणारच. या विमानात गोंदियाच्या प्रवाशाला निरुपद्रवी ठरेल असे संभाषण तेलुगूतील असण्याचा संभव अधिक, आणि तेसुद्धा तो हैदराबादेत नोकरीला लागेपर्यंतच.

अर्ध्या संभाषणाचा एक नमुना जवळून पाहणे उद्बोधक ठरेल. खिडकीजवळचा प्रवासी फोनवर म्हणतो: ‘हाव जी... नाही, तीनशे नाही, दोनशेच सांगितले होते... फाटके निघाले?... मग मुलाकडच्यांना सांगा ना... नाही नाही, आधी उन्हात वाळवा, मग बघू.’ एवढे बोलून तो फोन खाली ठेवतो आणि शांतपणे डोळे मिटतो. शेजाऱ्याचे डोळे मात्र आता मिटणे शक्य नाही. दोनशे काय सांगितले होते? लग्नाची माणसे म्हणावीत, तर ती फाटकी कशी निघतील? पातळे म्हणावीत, तर नवी पातळे उन्हात कोण वाळवतो? आणि या सर्व प्रकारात मुलाकडच्यांनी नेमके करायचे काय? पाचशे किलोमीटरच्या प्रवासातील चारशे किलोमीटर हा शेजारी एका अनोळखी कुटुंबाच्या अब्रूची चिंता वाहत बसतो, आणि विमान उतरल्यावर ती चिंता सामानाच्या पट्ट्यावर सोडून देण्याची सोय नसल्याने ती घरी घेऊन जातो.

हेच संभाषण महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये झाले असते, तर काय घडले असते याचा आता विचार करावा. गोंदियाहून निघून नागपूर, मनमाड, पुणे असे राज्य आडवे-उभे ओलांडत चोवीस तासांहून अधिक काळाने कोल्हापूरला पोहोचणारी ही गाडी एकाच राज्याच्या आत इतका लांब प्रवास करते, की एखादे कौटुंबिक प्रकरण सुरू होऊन, चिघळून, मिटण्याइतका अवधी तीत सहज मिळतो. तेथे फोन खाली ठेवताच समोरच्या बाकावरून पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या गावचे जी?’, आणि दुसऱ्या प्रश्नाला उलगडा होतो. दोनशे म्हणजे बारदाना, अर्थात धान भरण्याची पोती. खरेदी केंद्रावर बारदान्याची टंचाई असल्याने तो मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या राईस मिलमधून उसना आणलेला. तो फाटका निघालेला. आणि उन्हात वाळवायचे आहे ते धान. इतके कळल्यावर डब्यात सल्ल्यांची कमतरता राहत नाही. कोणी सांगतो की सतरा टक्क्यांवर ओलावा असलेले धान केंद्रावर घेत नाहीत, म्हणून आधी वाळवणे हेच बरोबर. कोणी सुतळी आणि दाभण यांचा मार्ग सुचवतो. एक वयस्क बाई मात्र मुळावरच बोट ठेवतात, की सोयरीक पक्की होण्याआधी व्याह्याकडून उसने आणूच नये. अकोला येईपर्यंत बारदान्याचा निकाल लागतो, भुसावळला सोयरिकीचा लागतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्याही मेंदूत काहीही अर्धवट शिल्लक राहत नाही. रेल्वेने जानेवारी २०२२मध्ये रात्री दहानंतर फोनवर मोठ्याने बोलण्यास आणि गाणी वाजवण्यास मनाई केली, ती योग्यच होती. पण दहाच्या आत एवढे सारे उरकता येत असल्याने तिच्याविरुद्ध येथे कोणी फारशी कुरकूर केली नाही.

म्हणजे एम्बरसन यांना प्रयोगशाळेत जे आढळले, त्यावरील उपाय दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पूर्वीपासून वापरात होता. ऐकणाऱ्याला मध्ये बोलण्याचा हक्क दिला, की अर्धे संभाषण पूर्ण होते आणि त्रासाचे रूपांतर सहभागात होते. फोन नैवेद्याच्या ताटासारखा तळहातावर आडवा धरून, स्पीकर चालू करून, सबंध डब्याला दोन्ही बाजू ऐकवणारा जो प्रवासी सुशिक्षितांच्या डोळ्यांत खुपतो, तो वास्तविक अत्याधुनिक मानसशास्त्राला धरून वागत असतो. कानाला फोन चिकटवून कुजबुजणारा सभ्य गृहस्थ हा त्या मानाने अधिक घातक, कारण तो शेजाऱ्याला ऐकू तर जाऊ देतो, पण समजू देत नाही.

गंमत अशी की आकाशातही बोलण्याची एक पद्धत अशीच सामुदायिक आहे, आणि बिरसीत ती पहिल्या काही दिवसांतच शिकवली जाते. वैमानिक आणि नियंत्रण मनोरा ज्या रेडिओवर बोलतात, त्यात एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम कळ दाबली तर दोघांचेही बोलणे किंचाळीत विरते, म्हणून बोलण्याआधी ऐकणे हा पहिला धडा असतो. मनोऱ्याने दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, आणि ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून इंग्रजी नऊचा उच्चारही ‘नाइनर’ असा ठरवून दिलेला असतो. ‘आठ वाजता ना? हाव, आठ, आठ वाजता’ असे तीनदा वदवून घेणाऱ्या आणि नाव सांगताना ‘ब बदकातला’ असा खुलासा करणाऱ्या जिल्ह्यात ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. मुख्य मुद्दा असा, की त्या लहरीवर असलेल्या प्रत्येक वैमानिकाला इतरांचे पूर्ण संभाषण ऐकू येते, त्यावरून कोण कुठे आहे याचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते, आणि काही गडबड दिसली तर त्याला मध्ये बोलता येते. म्हणजे एकाच विमानात पुढे बसलेल्या दोघांना ऐकण्याबरोबर बोलण्याचा हक्क असतो, आणि मागे बसलेल्यांवर केवळ ऐकण्याची पाळी येऊ घातली आहे.

यावर असे सुचवले जाईल, की विमानातील शेजाऱ्यानेही मग विचारावे. पण तो विचारत नाही, आणि येथेच वाहनाचा महिमा दिसतो. आगगाडीत अनोळखी माणसाच्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या डब्यातील ठेचा खाणारा मनुष्य विमानाचा पट्टा कमरेला आवळला, की अचानक इंग्लंडच्या राजघराण्यातील असल्यासारखा वागू लागतो. एटीआरमध्ये मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक शेजारी येतो, आणि त्याच्याकडे न पाहणे हे तिकिटाच्या किमतीत धरलेले असते. कोपराने कोपर ढकलले जात असताही ‘कोणत्या गावचे?’ हा प्रश्न तोंडाबाहेर पडत नाही; पडलाच तर उत्तर हिंदीत येते. अशा मौनात फोनला परवानगी देणे म्हणजे एकाला तोंड देऊन दुसऱ्याचे काढून घेणे होय.

आजवर शेजाऱ्याचे रक्षण कायद्याने नव्हे, तर किमतीने केले. अमेरिकेत १९८४पासून ‘एअरफोन’ नावाचा फोन विमानात आला, पुढे तो आसनांच्या पाठींत बसवण्यात आला, परंतु त्याचे दर पाहून बहुतेक प्रवाशांना आपल्याला कोणाशी बोलायचे नसल्याचा साक्षात्कार होई. एमिरेट्सने मार्च २००८मध्ये दुबई-कासाब्लांका मार्गावर स्वतःच्या मोबाइलवरून बोलण्याची सोय प्रथम दिली, तरी आकाशात त्यामुळे काही गलका माजला नाही. अमेरिकेच्या आयोगाने २०१३मध्ये बंदी उठवण्याचा प्रस्ताव आणला, त्यावर एवढे काहूर उठले की २०२०मध्ये तो गुंडाळावा लागला, आणि जगातील अनेक विमान कंपन्या आज इंटरनेट देतात पण बोलण्याची वाट मुद्दाम बंद ठेवतात. मात्र किमतीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. भारतात १९९५मध्ये मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि येणाऱ्या फोनाचेही पैसे भरावे लागत. त्या दराने कोणी ‘आवाज येऊन राहिला का?’ एवढेच विचारायला फोन केला नसता. दर उतरले आणि निर्विषय फोनाचा सुवर्णकाळ उगवला. आकाशातले दरही कधीतरी उतरणारच.

परवानगीच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद आदराने तपासला पाहिजे, तो म्हणजे तातडीचा. घरी कोणी अत्यवस्थ झाले, रुग्णाला गोंदियाहून नागपूरला हलवावे लागले, तर मुलाला विमानात कळू नये काय? पण आपल्याकडे अशी बातमी फोनवर सांगितली जात नाही, ती लपवली जाते. तारेच्या काळात प्रकृती गंभीर असल्याचे कळवून लगेच निघण्यास सांगत, आणि वाचणारा जे समजायचे ते समजत असे. २०१३च्या जुलैत तार बंद झाली, तरी ‘काही नाही, फक्त लवकर ये’ हा तिचा मजकूर मोबाइलवर चालू राहिला. विमानात बसलेला मुलगा तर आधीच निघालेला असतो, आणि त्याला बातमी कळली म्हणून वैमानिक विमान जोरात हाकणार नसतो. एक तास उशिरा कळण्याने त्याचे काही बिघडत नाही. तासभर आधी कळले, तर हात चोळत पट्ट्यात जखडून बसण्यावाचून त्याला काही करता येत नाही. एवढ्यावरही कळवणे भागच असेल, तर दोन ओळींचा संदेश शेजाऱ्याला इजा न करता पोहोचतो.

तेव्हा बंदी आणि परवानगी या दोन टोकांच्या मधला, डब्यात सिद्ध झालेला मार्ग नियमबद्ध करणे हितावह ठरेल. आकाशात फोनवर बोलण्यास पूर्ण मुभा असावी, परंतु बोलणे स्पीकरवरच व्हावे, जेणेकरून दोन्ही बाजू ऐकू येतील. लगतच्या आसनावरील तसेच पुढील व मागील रांगेतील प्रवाशांना प्रत्येकी तीन प्रश्न विचारण्याचा हक्क असावा, आणि फोन करणाऱ्याने त्यांची समाधानकारक उत्तरे दिल्याखेरीज फोन बंद करू नये. संभाषणात रक्कम, संख्या किंवा मुलाकडच्यांचा उल्लेख आल्यास खुलासा सक्तीचा असावा. वादग्रस्त सोयरिकीत मत देण्याची संधी वयाने ज्येष्ठ प्रवाशास प्रथम मिळावी, आणि त्याने दिलेले मत विमान उतरेपर्यंत बंधनकारक मानावे. तेलुगू संभाषणास या तरतुदींतून सूट असावी; मात्र विमानात ती भाषा जाणणारा गोंदियाचा एक जरी प्रवासी निघाला, तर ही सूट आपोआप रद्द व्हावी.

या नियमांचा अंमल सुरू झाल्यास दोनपैकी एक गोष्ट घडेल. एक तर बिरसीचे विमान महाराष्ट्र एक्सप्रेसइतके राहण्याजोगे होईल, आणि सव्वा तासात सुटणार नाहीत एवढी प्रकरणे निघू लागल्याने हैदराबादला पोहोचूनही कोणी उतरायला तयार होणार नाही. किंवा, आणि याचा संभव अधिक, पहिल्याच आठवड्यात दोनशे बारदान्याचा हिशेब पाच अनोळखी माणसांना द्यावा लागलेला प्रवासी पुढच्या खेपेस आसनावर बसताच, कोणी सांगण्याची वाट न पाहता, आपण होऊन फ्लाइट मोड लावील. मग बंदी हवी कोणाला? जे काम कायद्यांना आणि आयोगांना इतक्या वर्षांत जमले नाही, ते शेजाऱ्याला तीन प्रश्नांचा हक्क दिल्याने होईल. आणि त्यातला पहिला प्रश्न कोणता असावा, हे गोंदियात कोणाला शिकवावे लागणार नाही.